केंद्रातून घरी आल्यानंतर एएची मीटिंग कशी शोधावी आणि तिथे कसे टिकावे

एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे धाकटे बंधू, वय ४१, तालुक्याच्या गावी सहकारी पतसंस्थेत लिपिक आहेत. व्यसनमुक्ती केंद्रातले ३५ दिवसांचे उपचार पूर्ण करून ते तीन आठवड्यांपूर्वी घरी आले. निघताना केंद्राने ‘मीटिंग सोडू नका’ असे बजावून पत्त्यांचा एक कागद हाती दिला. जिल्ह्याच्या ठिकाणी ते एकदा जाऊन आले आणि ‘तिथली माणसे पार रस्त्यावर आलेली होती, मी काही त्यांच्यातला नाही, शिवाय देवाधर्माचे बोलणे मला पटत नाही’ असे म्हणून त्यांनी जाणे थांबवले. दुसरी मीटिंग कशी शोधावी, बहिणीने सोबत जावे का, ते खरोखर जातात याची खात्री कशी करावी आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एए, या मद्यपींनीच एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेखेरीज दुसरा काही मार्ग आहे का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून बरीच वर्षे काम केल्यामुळे हे चारही प्रश्न मला परिचयाचे आहेत, आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्याने मी ती क्रमाने न देता एकत्रच देतो.

आधी एक वैद्यकीय बाब स्पष्ट करतो. आपले बंधू सध्या पीत नाहीत, म्हणून त्यांच्यापुरता हा मुद्दा आज लागू नाही. परंतु हे उत्तर वाचून एखाद्याने रोज पिणाऱ्या आपल्या माणसाला ‘उद्यापासून बंद आणि संध्याकाळी मीटिंग’ असे सांगू नये. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या व्यक्तीने दारू एकदम तोडली तर पहिल्या ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, प्रचंड थरथर, ताप आणि भ्रम अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावा लागतो. मीटिंग हा त्यानंतरच्या आयुष्याचा आधार आहे. दारू उतरवण्याचा तो उपचार नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या बंधूंना पत्त्यांचा कागद मिळाला, माणूस मिळाला नाही, आणि माझ्या मते गाडे तिथेच अडले आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत २० रुग्णांवर एक छोटासा अभ्यास झाला होता. त्यांतील निम्म्यांना एएची माहिती, ठिकाण आणि वेळ सांगून ‘जात जा’ असे सुचवले गेले. उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत समुपदेशकाने रुग्णासमोरच एका एए सदस्याला फोन लावून दिला, त्या सदस्याने रुग्णाशी बोलून बरोबर येण्याची तयारी दाखवली आणि मीटिंगच्या आधी त्याला आठवणीचा फोनही केला. दुसऱ्या गटातले सर्वच्या सर्व जण मीटिंगला गेले. पहिल्या गटातला एकही गेला नाही. अभ्यास लहान होता हे मान्य. पण आमच्याकडे जे वर्षानुवर्षे दिसते त्याच्याशी तो इतका जुळतो की मी कोणालाही नुसता पत्ता देत नाही.

म्हणून मीटिंग शोधणे म्हणजे तिथे दारात भेटणारा माणूस शोधणे, असे समजून कामाला लागावे. सर्वांत जवळचा धागा म्हणजे ज्या केंद्रात उपचार झाले तेच केंद्र. तिथे फोन करून ‘आमच्या तालुक्यातले किंवा शेजारच्या तालुक्यातले कोणी जुने, टिकलेले सदस्य आहेत का, आणि ते भावाशी बोलतील का’ असे विचारावे. बहुतेक केंद्रांकडे अशी माणसे असतात आणि ती आनंदाने बोलतात, कारण दुसऱ्याला मदत करणे हा त्यांच्या स्वतःच्या टिकण्याचा भाग असतो. अनेक केंद्रांच्या स्वतःच्या पाठपुरावा सभाही असतात. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून आणि मुंबईतून सुरू झालेले कृपा फाउंडेशन १९८१ पासून हे काम करीत आहे. आपले केंद्र कोणतेही असले तरी ‘तुमच्या फॉलो-अपच्या सभा आमच्या जिल्ह्यात कुठे भरतात’ हा प्रश्न जरूर विचारावा.

दुसरा धागा एएचाच आहे. भारतात एएची सुरुवात १९५७ मध्ये झाली. तिचे भारतासाठीचे सर्वसाधारण सेवा कार्यालय मुंबईत आहे आणि संस्थेच्या संकेतस्थळावर शहरवार गट व संपर्क सापडतात. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन जवळच्या शासनमान्य केंद्राची माहिती देते, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातील समाजसेवा अधीक्षक किंवा समुपदेशक यांना स्थानिक गट बहुधा ठाऊक असतात. मुंबई, वसई आणि गोव्याच्या भागात चर्चच्या आवारातील सभागृहांत बरेच गट भरतात. इतरत्र नगरपालिकेच्या शाळेचा वर्ग, समाजमंदिर किंवा रुग्णालयातील एखादी खोली असते. चर्चमध्ये भरते म्हणून ती ख्रिस्ती सभा होत नाही. जागा भाड्याने घेतलेली असते एवढेच.

यादीत छापलेली वेळ मात्र फोन केल्याशिवाय खरी मानू नये. शाळेला दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी लागते, निवडणुकीसाठी वर्ग ताब्यात जातात, गट दोन गल्ल्या पलीकडे हलतो आणि यादी जुनीच राहते. नवखा माणूस धीर गोळा करून कुलूप लावलेल्या दारापर्यंत गेला की तो पुन्हा जात नाही, असा माझा अनुभव आहे. फोनवर मीटिंग खुली आहे की बंद, भाषा कोणती आणि दारात कोण भेटेल, एवढे विचारून घ्यावे. खुल्या मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर कोणीही बसू शकतात. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. भाषेचा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. मुंबईत इंग्रजी, हिंदी, मराठी, कोकणी, तमिळ अशा वेगवेगळ्या भाषांतले गट आहेत, आणि आपली लाज माणूस सहसा आपल्याच भाषेत सांगू शकतो.

आत नेमके काय होते हे बहिणीला ठाऊक असले तर भावाशी बोलणे सोपे जाईल. नगरपालिकेच्या शाळेतील एखाद्या वर्गाची कल्पना करा. मोठी माणसे मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, फळ्यावर सकाळच्या गणिताचे अर्धवट पुसलेले आकडे, भिंतीवर टेकवलेल्या दोन-चार पाट्या. त्यांतल्या एकीवर ‘आजचा दिवस’ असा काहीसा मजकूर. अध्यक्ष त्या दिवसापुरता नेमलेला असतो. तो संस्थेचे छोटे निवेदन वाचतो, एक-दोन जण एएच्या पुस्तकातला उतारा किंवा दारूमुक्तीच्या तिच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्या वाचतात आणि मग शेअरिंग, म्हणजे आपापला अनुभव सांगणे, सुरू होते. बोलणारा फक्त पहिले नाव आणि ‘मी एक मद्यपी’ एवढे सांगून सुरुवात करतो. दुसऱ्याच्या बोलण्यावर टीका करायची नाही, सल्ला द्यायचा नाही, मध्येच तोडायचे नाही, हा दंडक असतो. नव्या माणसावर बोलण्याची सक्ती नसते. ‘मी आज फक्त ऐकायला आलो आहे’ असे म्हटले तरी चालते. मध्ये एक डबा किंवा पिशवी फिरते. दहा रुपये टाकले तरी ठीक आणि काही न टाकता पुढे सरकवला तरी कोणी बघत नाही. त्यातून जागेचे भाडे, चहा आणि छपाई भागते. बाहेरच्या व्यक्तीची किंवा संस्थेची देणगी एए स्वीकारतच नाही. तास-दीड तासाने प्रार्थना होते आणि चहा येतो. माझ्या मते नवख्यासाठी खरी मीटिंग त्या चहाच्या दहा मिनिटांत होते, कारण फोन नंबर तिथे मिळतात. आपले बंधू त्या दिवशी प्रार्थना संपताच बसस्टँड गाठण्यासाठी निघाले असावेत, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर त्यांनी मीटिंग अर्धीच पाहिली.

‘मी त्यांच्यातला नाही’ या वाक्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. नोकरी शाबूत असलेला म्हणतो की मी काही रस्त्यावर आलो नाही. रस्त्यावर आलेला म्हणतो की मी बायकोवर कधी हात उचलला नाही. हात उचललेला म्हणतो की मी सकाळी कधी पीत नाही. पहिल्या मीटिंगला मन फरकच शोधत असते आणि फरक सापडायला वेळ लागत नाही. बंधूंशी यावर वाद घालू नये. त्यांना एवढेच सुचवावे की पुढच्या वेळी बोलणाऱ्याची परिस्थिती नव्हे, तर त्याच्या डोक्यात चाललेला विचार ऐकावा: पगाराच्या दिवशी परतीचा रस्ता कसा बदलला, ‘फक्त एक क्वार्टर’ असे स्वतःला कसे पटवले, बाटली कुठे लपवली, सकाळी घरच्यांच्या नजरेला नजर देण्याचे कसे टाळले. पतसंस्थेतल्या लिपिकाची आणि हातगाडीवाल्याची ही गोष्ट सारखीच निघते. शिवाय गटागटांत खूप फरक असतो. कुठे जुनी मंडळी तीच कहाणी आळवत बसतात, कुठे निम्मे सदस्य पहिल्या वर्षातले असतात आणि खोलीत जीव असतो. एका गटावरून एएविषयी मत बनवू नये. निदान पाच-सहा वेगवेगळ्या मीटिंगना बसून मगच ‘जमत नाही’ असे म्हणावे, असा करार मी माझ्याकडे येणाऱ्यांशी करतो.

देवाचा प्रश्न खोटा नाही. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे आणि शेवटच्या प्रार्थनेतही आहे. तो नाही असे सांगून कोणाला आत नेणे ही फसवणूक होईल. परंतु पायऱ्यांमध्येच ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशी मोकळीक ठेवलेली आहे, आणि सदस्यत्वाची अट एकच आहे: दारू सोडण्याची इच्छा. माझ्या परिचयात कट्टर नास्तिक, जुने कम्युनिस्ट आणि विज्ञानाचे शिक्षक असे सदस्य आहेत, जे समोर बसलेल्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानून वर्षानुवर्षे टिकले आहेत. याउलट आपल्या गावांत माळ घालून दारू सोडलेलेही अनेक असतात, आणि माळ की मीटिंग असा झगडा लावण्याचे काहीच कारण नाही. माळेची अडचण वेगळी आहे: एकदा घसरण झाली की माणूस फडावर तोंड दाखवू शकत नाही. मीटिंगमध्ये घसरलेल्या माणसाची खुर्ची रिकामीच ठेवलेली असते. आणखी एक बाब गावाकडच्या कार्यकर्त्यांना खटकते, म्हणून सांगून टाकतो. एए दारूबंदीच्या बाजूने किंवा विरोधात कोणतीच भूमिका घेत नाही. ज्या बहिणींनी ‘आडवी बाटली’साठी मतदान घडवून आणले त्यांना हे विचित्र वाटते, पण या अलिप्ततेमुळेच तिथे सर्व पक्षांची आणि मतांची माणसे एका बाकावर बसू शकतात.

पर्याय विचारला आहे, तर प्रामाणिक उत्तर असे की मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्याकडे नियमित भेटी, केंद्राची पाठपुरावा सभा आणि औषधे यांचा मेळ हा उत्तम पर्याय आहे, आणि तो एएच्या जोडीनेही चालतो. स्मार्ट रिकव्हरी नावाची, देवाचा आधार न घेणारी चळवळ १९९४ पासून अमेरिकेत आहे; तिच्या सभा ऑनलाइन होतात, मात्र त्यासाठी इंग्रजीची सवय लागते. एएच्या परिणामांबद्दल शंका असेल तर २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा आणि १०,००० हून अधिक रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला आहे. रुग्णांना पद्धतशीरपणे एएशी जोडून दिले तर वर्षभराने पूर्ण मद्यमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के दिसले, तर इतर मान्य मानसोपचारांत ते सुमारे ३५ टक्के होते. फरक मोठा नाही, परंतु एए विनामूल्य आहे आणि जन्मभर उपलब्ध आहे, हे त्यात धरले पाहिजे.

औषधांबाबत एक सावधगिरी. डॉक्टरांनी झोपेसाठी, नैराश्यासाठी किंवा ओढ कमी करण्यासाठी गोळ्या दिल्या असतील आणि एखादा उत्साही सदस्य ‘गोळी म्हणजे दुसरी दारूच, बंद कर’ असे म्हणाला, तर ते ऐकू नये. ते त्या सदस्याचे वैयक्तिक मत आहे, एएचे धोरण नव्हे. तसेच ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली पावडर जेवणात मिसळण्याचा मोह कितीही झाला तरी टाळावा. तिच्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि त्यात डायसल्फिरामसारखे औषध असेल व त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. हे औषध डॉक्टरांनी, रुग्णाला पूर्ण सांगून आणि त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत त्याचा प्रभाव राहू शकतो.

आता बहिणीची भूमिका. एखाद्या खुल्या मीटिंगला, भावाची हरकत नसेल तर, एकदा अवश्य सोबत जावे. एखाद्याच्या दारू सोडल्याच्या वर्षपूर्तीची ‘बर्थडे’ मीटिंग त्यासाठी फार चांगली असते, कारण तिथे केक कापणाऱ्याच्या शेजारी त्याची बायकामुलेही बोलतात. त्यानंतर मात्र आपण दाराशी पोहोचवणे थांबवावे. खात्री करण्याचा जो प्रश्न आहे त्याचे उत्तर थोडे निराश करणारे आहे. एए हजेरीपट घेत नाही, दाखला देत नाही, आणि ‘माझा भाऊ आला होता का’ असे फोनवर विचारल्यास कोणताही चांगला सदस्य उत्तर देणार नाही, देऊही नये. खिसे तपासणे आणि तोंडाचा वास घेणे यांनी घरात पोलीस चौकी तयार होते. त्याऐवजी दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या फोनवर एखाद्या नव्या माणसाचे फोन येऊ लागले का आणि मीटिंगच्या दिवशी ते कामे त्या वेळेभोवती आखू लागले का, एवढे पाहावे. काही महिन्यांत त्यांनी स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांमध्ये वाट दाखवणारा जुना सदस्य, निवडला तर फारच उत्तम. दरम्यान आपण स्वतः अल्-अ‍ॅनॉनची मीटिंग शोधावी. मद्यपी व्यक्तीच्या नातेवाइकांसाठीची ही स्वतंत्र संघटना १९५१ पासून आहे. मोठ्या शहरांत तिचे गट आहेत आणि ऑनलाइनही बसता येते. आपल्या पत्रातला प्रत्येक प्रश्न भावाविषयी आहे. आपली झोप, आपला संसार आणि तीन आठवडे जीव मुठीत धरून बसल्याचा थकवा यांबद्दल एक ओळही नाही, हे मला वाचताना जाणवले.

तालुक्याच्या गावात ओळख उघड होण्याची भीती रास्त आहे. त्यावर जुना उपाय असा की पहिले काही महिने शेजारच्या तालुक्याच्या गटाला जावे. ओळखीचा कोणी भेटलाच तर तोही त्याच कारणासाठी तिथे बसलेला असतो, आणि जे ऐकले ते तिथेच ठेवण्याचा संकेत बहुतेक गट फार कडकपणे पाळतात. आठवड्यातून एकदाच बस सोयीची असेल तर बाकीचे दिवस ऑनलाइन मीटिंगने भरून काढावेत. २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेल्या या मीटिंग आता मराठीतही होतात आणि दुबईत किंवा अमेरिकेत असलेले मराठी सदस्यही त्यांना बसतात. आपल्याकडचे रात्रीचे ८ म्हणजे दुबईतले संध्याकाळचे साडेसहा. बंधूंनी कानाला इअरफोन लावावेत आणि सुरुवातीला कॅमेरा बंद ठेवला तरी हरकत नाही. पण पडद्यावर पतसंस्थेच्या कामासाठीच्या ऑनलाइन खात्यातले आपले पूर्ण नाव झळकत नाही ना, हे आत जाण्यापूर्वी तपासावे. ऑनलाइनवर सर्वस्वी विसंबू नये, असे मी म्हणेन, कारण तिथे चहा नसतो. स्त्री रुग्णांना मात्र मी अनेकदा उलटा सल्ला देतो. लहान गावांतल्या खोल्यांमध्ये बहुतेक वेळा पुरुषच असतात, तेव्हा त्यांनी स्त्रियांच्या ऑनलाइन मीटिंगपासून सुरुवात करावी.

वेळ निवडताना बंधू पूर्वी ज्या वेळी पीत असत ती वेळ डोळ्यांसमोर ठेवावी. पतसंस्था सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचे दोन तास त्यांचे धोक्याचे असतील तर रविवार सकाळची मीटिंग कितीही चांगली असली तरी पुरणार नाही. पहिल्या ९० दिवसांत ९० मीटिंग असा एएमध्ये एक प्रघात सांगितला जातो. तालुक्याच्या ठिकाणी प्रत्यक्ष आणि ऑनलाइन मिळून आठवड्याला चार-पाच जमल्या तरी मी समाधानी असतो. गटारीची संध्याकाळ, धुळवड, ३१ डिसेंबर, गावची जत्रा आणि मित्राच्या लग्नाची आदली रात्र या तारखा आजच दिनदर्शिकेवर खुणावून त्या दिवशी कुठे बसायचे हे आधी ठरवावे. अनेक गट ३१ डिसेंबरला मुद्दाम उशिरापर्यंत मीटिंग ठेवतात.

आणि मध्येच घसरण झाली तर काय करायचे, तेही आताच ठरवून ठेवावे. त्या रात्री प्रश्नोत्तरे, शपथा आणि रडारड टाळावी; पिणे एकाच दिवसात थांबले असेल तर दुसऱ्या दिवशी बंधूंनी गटातल्या ओळखीच्या सदस्याला स्वतः फोन करून मीटिंग गाठावी, आणि काही दिवस सलग चालले असेल किंवा डायसल्फिराम चालू असेल तर आधी डॉक्टर. गट त्यांना काढून टाकणार नाही. पिऊन आलेल्यालाही बहुतेक ठिकाणी बसू देतात, त्या दिवशी बोलू नका एवढेच सांगतात, आणि मीटिंग संपल्यावर कोणीतरी त्याला घरी सोडून येतो.